पडदा हिरवागार, खड्ड्यात मात्र ९३ टक्के: रोलरचं ऐकायचं की वाळूचं?

मुरूममाती | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात एका रस्त्याच्या चौपदरीकरणावर क्वालिटी कंट्रोल बघतो. जुना दुपदरी रस्ता तसाच ठेवून एका अंगाने भराव वाढवतोय. तळाला सगळी काळी माती, त्यावर भराव आणि माथ्याचे ५०० मिमी निवडक मुरमाचं सबग्रेड.

साइटवर नुकताच नवा ११ टनी व्हायब्रेटरी रोलर आलाय. ड्रमला सेन्सर, टपावर जीपीएसचा अँटेना, केबिनमध्ये पडदा. एका नकाशात कुठे किती पास (रोलरच्या फेऱ्या) झाले ते रंगात दिसतं. दुसऱ्या नकाशात सीएमव्ही नावाचा आकडा येतो, माती कितपत दबली ते सांगणारा. ऑटोवर टाकलं की कंपनाचा जोर यंत्र स्वतःच कमीजास्त करतं.

आता माझी अडचण. एका जागी पडद्यावर साधारण आठ-दहा मीटर लांबीचा लाल डाग येतो. आजूबाजूला आकडा ५० च्या वर, तिथे जेमतेम १८-२०. कितीही पास मारा, हलत नाही. तिथे सँड रिप्लेसमेंट (खड्डा खणून, त्यात वाळू भरून घनता काढायची चाचणी) घेतली तर लॅबमधल्या कमाल घनतेच्या ९८.४ टक्के, म्हणजे चाचणीत पास! दुसरी जागा जुन्या रस्त्याला खेटून आहे. तिथे पडदा हिरवागार, आकडा ७० च्या पुढे. तिथल्या खड्ड्यात आले ९३. सबग्रेडला ९७ लागतात, म्हणजे सरळ नापास.

ठेकेदाराचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, रोलरचा रंगीत नकाशाच रिपोर्टला जोडू, खड्डे कमी करा. कन्सल्टंटचे साहेब म्हणतात, तो पडदा बंद करा, मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. मला दोघांचंही पटत नाही. इथे कुणी अशा रोलरवर काम केलंय का?

---

बंड्या_बारामतीकर | सोमवार, रात्री ९.५८

जागा राखून ठेवतो. मुरूममाती, तुमच्या धाग्यांवर नेहमी आठ-दहा पास होतात, हा पण चांगला दबणार.

---

पोकलेनवाला | सोमवार, रात्री १०.११

साहेब, मी बीडचा, माझे दोन रोलर भाड्याने चालतात. माझं मत रोखठोक आहे. खड्डा कुठं घ्यायचा ते ठरवणारा माणूस असतो आणि माणसाला सगळे ओळखतात. जिथं रोलर जास्त फिरला तिथंच टिकाव पडतो, हे कुणाला म्हाईत नाही? पडदा तसं करत नाही. ड्रम जिथं जिथं गेला तिथलं सगळं लिहून ठेवतो. आमचा ऑपरेटर पण सुधारला राव. आधी डोळ्याच्या अंदाजानं पास मोजायचा, मधला पट्टा दहा वेळा आणि कडा दोन वेळा. आता कडेला रंग भरला नाही तर त्याला स्वतःलाच चैन पडत नाही.

---

धरणकाठी | मंगळवार, सकाळी ६.२०

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. उमेदीची वर्षं मातीच्या धरणांवर गेली. आमच्या वेळी हार्टिंगला (धरणाच्या गाभ्याला) काळी माती आणि केसिंगला (बाहेरच्या आवरणाला) मुरूम. शीप्सफूट रोलर, पाण्याचे टँकर आणि मुकादमाची नजर. मूठभर माती घट्ट आवळायची, गोळा झाला पाहिजे आणि हाताला पाणी सुटता कामा नये, हा पहिला धडा.

दबाईचं शास्त्र धरणांच्याच कामातून आलं, हे इथे सांगावंसं वाटतं. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली लेख लिहून दाखवून दिलं की ठरावीक मेहनतीत माती सगळ्यात जास्त कधी दबेल हे तिच्यातल्या पाण्यावर ठरतं. कोरड्या मातीचे कण एकमेकांवरून सरकत नाहीत. पाणी जास्त झालं की ते पाणीच जागा अडवून बसतं. त्यामुळे कोणताही आकडा दाखवलात तरी माझा पहिला प्रश्न एकच: पाणी किती होतं? मुरूममाती, तुम्ही दोन्ही जागांचं मॉइश्चर दिलेलं नाही.

---

चाकणकर_यंत्र | मंगळवार, सकाळी ९.०५

रोलर बनवणाऱ्या उद्योगात आहे. कंपनीचं नाव घेत नाही आणि कुणाची जाहिरातही करत नाही. आधी हा आकडा येतो कुठून ते सांगतो, म्हणजे वाद निम्म्यावर येईल.

ड्रमच्या आत विकेंद्री वजन फिरतं, सेकंदाला साधारण ३० वेळा. त्याने ड्रम वरखाली होतो. ड्रमला लावलेला ॲक्सिलरोमीटर ही हालचाल टिपतो. जमीन मऊ असेल तर ड्रम वजनाच्या तालावरच हलतो. जमीन कडक होत गेली की दर ठोक्याला ड्रम क्षणभर उचलला जातो आणि आपटतो. मग त्याच्या हालचालीत मूळ वारंवारतेबरोबर दुप्पट वारंवारतेचं कंपनही उमटतं. दुप्पट कंपनाचा जोर भागिले मूळ कंपनाचा जोर, गुणिले ३०० हा ठरलेला अंक: झाला सीएमव्ही.

ही कल्पना स्वीडनची. १९७० च्या दशकात तिथल्या रस्ते खात्यातले हाइन्ट्स थुर्नर यांनी डायनापॅकच्या रोलरवर सेन्सर लावून प्रयोग केले. पुढे त्यातूनच जिओडायनामिक ही संस्था उभी राहिली. नंतर जर्मनीत बोमागने आणि स्वित्झर्लंडच्या अम्मानने स्वतःच्या पद्धती काढल्या. त्यांचे आकडे थेट मातीचा ताठपणा (दाबाला ती किती दाद देत नाही ते) सांगतात. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका.

म्हणजे सीएमव्हीला घनता ठाऊकच नाही. त्याला कळतो तो ताठपणा. मुरूममाती, तुमच्या दोन्ही जागांचं कोडं मला इथेच दिसतंय. वाळूच्या खड्ड्याने एक विचारलं, रोलरने दुसरंच सांगितलं.

ऑटो मोडबद्दलही लिहितो. ड्रम ताठ जमिनीवर गेला की एक ठोका चुकवून दुसऱ्या ठोक्याला आपटायला लागतो, त्याला आम्ही डबल जंप म्हणतो. अशा वेळी दगड फुटतात, दबलेला वरचा थर सैल होतो, यंत्राची बेअरिंगंही खातात. ऑटो यंत्रणा ही चाहूल लागताच जोर कमी करते. काही यंत्रांत फिरणाऱ्या दोन वजनांमधला कोन बदलतात, काहींत ठोक्याची दिशाच उभ्याची आडवी होते. ऑपरेटरने काही करायचं नसतं. पण दबाई ऑटोवर केली तरी मोजणीचा पास ऑटोवर करू नका. जोर बदलला की आकडाही बदलतो. जोर एकच, वारंवारता एकच, वेग ३ ते ४ किमी. ४ च्या वेगाला दर पावणेचार सेंटिमीटरला एक ठोका पडतो, ८ ला दुप्पट अंतरावर. घाईचा पास आणि सावकाश पास एका नकाशात मिसळले तर त्या नकाशाला अर्थ राहत नाही.

---

मुरूममाती | मंगळवार, दुपारी १.१५

धन्यवाद यंत्रसाहेब. शेवटचा पास ऑटोवरच होता, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. आज मॅन्युअलवर कमी जोराने पुन्हा घेतला. लाल डाग तिथेच आहे, हिरवा भागही तसाच.

@धरणकाठी काका, मॉइश्चर बघून सांगतो.

---

निळावंती | मंगळवार, दुपारी २.४०

साइट लॅबमध्ये काम करते, त्यामुळे खड्ड्याच्या बाजूने बोलते. 😊

आमचा खड्डा १०० मिमी व्यासाचा आणि १५० मिमी खोल, म्हणजे जेमतेम सव्वा लिटर माती. मधे भोक असलेला ट्रे ठेवायचा, छिन्नीने कोरायचं, एकेक कण गोळा करायचा, मग सिलिंडरची वाळू सोडायची. हे नीट केलं तर फार विश्वासाचं काम आहे. पण दोन ठिकाणी फसवतं.

एक म्हणजे वाळू सोडताना जवळपास रोलर कंपनावर चालू असेल तर वाळू खड्ड्यात जास्त दाटून बसते. वाळू जास्त लागली की खड्डा मोठा वाटतो आणि घनता कमी निघते. दादा, तुमची ९३ वाली चाचणी घेताना रोलर कुठे होता ते आठवून बघा. दुसरं म्हणजे मुरमात मोठा दगड आला तर घनता फुगते. प्रॉक्टर (कमाल घनता काढायची लॅबमधली चाचणी) मोठे दगड काढून केलेली असते आणि खड्ड्यात ते असतात, दुरुस्ती लावली नाही तर ९८ काय, १०१ पण येतं. ९८.४ वाल्या खड्ड्यातला माल चाळून बघितला होता का?

---

पोकलेनवाला | मंगळवार, दुपारी ३.०२

बघा, म्हणजे वाळू पण फसवते. मग माझा पडदा काय वाईट?

---

निळावंती | मंगळवार, दुपारी ३.१०

पोकलेनदादा, पडदा वाईट असं म्हटलंच नाही मी. पण पडद्यालाही फसवता येतं. जीपीएसचं बेस स्टेशन बंद असताना फिरवलेला रोलर नकाशात भलतीकडे दिसतो. दबलेल्या जागी पुन्हा फिरून छान आकडे घेता येतात. यंत्र आपणहून खोटं बोलत नाही हे खरं, पण ते चालवतो कोण?

---

मीनल_कोलोन | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मी जर्मनीत रेल्वेच्या भरावांवर जिओटेक्निकल काम करते, शिक्षण पुण्याचं. इकडे ही पद्धत १९९० च्या दशकापासून मातीकामाच्या नियमांत आहे, ऑस्ट्रियात आणि स्वीडनमध्येही. त्यामुळे दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगू शकते.

पहिली गोष्ट खोलीची, आणि माझ्या मते मुरूममातींच्या लाल डागाचं उत्तर त्यातच आहे. निळावंतीताईंचा खड्डा १५ सेंमी खाली बघतो. ११-१२ टनी रोलरचं कंपन जवळपास मीटरभर, कधी त्याहून खाली पोचतं. म्हणजे रोलर तुमच्या ५०० मिमी सबग्रेडच्या आरपार खालच्या भरावापर्यंत बघतोय. वरचे १५ सेंमी ९८ टक्के असूनही आकडा २० च्या पुढे सरकत नसेल तर खाली काहीतरी मऊ आहे. वरून कितीही पास मारले तरी ते सुधारणार नाही, उलट ओली काळी माती वरखाली पंपिंग करायला लागेल.

पण खोदण्याआधी एक तपासा. तुमच्या यंत्रात सीएमव्हीशेजारी आरएमव्ही नावाचा आकडा असेल. चाकणकरांनी सांगितलेली डबल जंप सुरू झाली की मूळ वारंवारतेच्या निम्मं कंपन उमटतं, ते आरएमव्ही दाखवतो. त्या अवस्थेत सीएमव्ही अचानक घसरतो, म्हणजे अतिशय कडक जागाही लाल दिसू शकते! आरएमव्ही शून्याजवळ असेल तर डाग खरोखरच मऊ. वाढलेला असेल तर खाली दगड.

दुसरी गोष्ट, सीएमव्ही किती असला म्हणजे पास, याचं तयार कोष्टक नसतं. कुणी दिलं तर घेऊ नका. त्याच मुरमाचा, त्याच जाडीचा चाचणीपट्टा करायचा. रोलरचा आकडा कमी, मध्यम आणि जास्त अशा सगळ्या जागी प्लेट लोड टेस्ट (लोखंडी तबकडीवर भार देऊन जमीन किती बसते ते बघायची चाचणी) घ्यायच्या आणि दोन्हींचा मेळ बघायचा. इकडे सहसंबंध गुणांक निदान ०.७ आला तरच रोलरच्या आकड्यावर स्वीकृती देतात. सबग्रेडच्या माथ्यावर प्लेटचा ईव्ही२ (दुसऱ्यांदा भार देऊन काढलेला ताठपणा) ४५ मेगान्यूटन प्रति चौरस मीटर लागतो, त्याच्याशी जुळणारा रोलरचा आकडा त्या पट्ट्यावर ठरतो. माल बदलला, रोलर बदलला, की पट्टा नवा.

---

शेतकरीपुत्र | मंगळवार, रात्री ८.१५

अवांतर होईल, पण राहवत नाही. तुम्ही माती दाबायला करोडोंची यंत्रं आणताय आणि आमची माती न मागता दबत चाललीय. ऊसतोडणीचं हार्वेस्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या पाऊस पडल्यावर शेतात फिरल्या की खाली कडक थर बसतो. मुळं खाली जात नाहीत, पाणी वर साचतं. सबसॉयलर लावून तो फोडायचा खर्च वेगळाच. ओल्या काळ्या रानात जड चाक घालू नये हे आमच्या आजोबांना कळत होतं.

---

धरणकाठी | मंगळवार, रात्री ८.५०

@शेतकरीपुत्र, अवांतर अजिबात नाही. रस्त्याला हवं तेच शेताला नको, आणि दोन्हींत ठरवणारं पाणीच. दबाईला जी ओल योग्य, त्याच ओलीत ट्रॉली शेतात घातली की सगळ्यात जास्त नुकसान होतं. वाफसा यायची वाट बघायची ती त्यासाठीच.

---

वाडासंस्कृती | मंगळवार, रात्री १०.३०

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या गावातला वाडा जुना, दगडी जोतं आणि मातीच्या भिंती. शेजारून रस्ता रुंद करताना रोलर चालला की फडताळातली भांडी वाजायची. एका भिंतीला भेगही पडली. ठेकेदार म्हणाला, भेग जुनीच आहे. ही नवी यंत्रं घरांसाठी बरी की वाईट?

---

चाकणकर_यंत्र | मंगळवार, रात्री ११.००

@वाडासंस्कृती, वाईट वाटलं. घराजवळ सगळ्यात जास्त हादरा बसतो तो कंपन चालू किंवा बंद करताना. विकेंद्री वजन शून्यापासून ३० हर्ट्झपर्यंत जाताना १०-२० हर्ट्झच्या टप्प्यातून जातं. घरांची आणि जमिनीची नैसर्गिक वारंवारता बहुधा त्याच आसपास असते. म्हणून पहिला नियम: कंपन घरासमोर चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. लांबून चालू करून यायचं, किंवा वस्तीत कंपन न लावता नुसत्या वजनावर दाबायचं, थर पातळ करून.

ऑस्सिलेशनचे ड्रमही असतात. ते वरखाली आपटत नाहीत, पुढेमागे घुसळतात. दूरवर हादरा खूप कमी जातो. वस्तीसाठी, पुलांवर आणि डांबराच्या कामाला ते चांगले.

---

मीनल_कोलोन | मंगळवार, रात्री ११.२०

त्याला जोडून: इकडच्या डीआयएन ४१५० या जर्मन मानकात कमी वारंवारतेच्या हादऱ्यासाठी पायाशी ५ मिमी प्रति सेकंद ही घरांची मर्यादा आहे आणि वाड्यासारख्या नाजूक, वारसा इमारतींना ३. पायाशी मापक लावून काम करतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भेगांचे तारखेसह फोटो काढून दोन्ही पक्षांच्या सह्या घेतात. रस्त्याकाठच्या कुणाचंही काम सुरू होणार असेल तर फोटो स्वतः काढून ठेवा. ‘भेग जुनीच आहे’ याला तेवढंच उत्तर चालतं.

---

वाडासंस्कृती | बुधवार, सकाळी ७.१०

हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आभारी आहे. भावाच्या घराजवळून पुढच्या वर्षी रस्ता जाणार आहे, त्याचे फोटो याच रविवारी काढतो.

---

मिनेसोटाकर | बुधवार, सकाळी ८.०५

अमेरिकेतल्या रस्तेकामाच्या डेटावर काम करतो. इकडे रोलरच्या फाइल्स वेटा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतात. ते मिनेसोटाच्या रस्ते खात्यासाठी तयार झालं आणि कोणत्याही कंपनीच्या रोलरचा डेटा वाचतं. छापील रंगीत नकाशावर विसंबू नका, मूळ फाइल मागा. तिच्यात प्रत्येक मोजणीची वेळ, वेग, वारंवारता, जोर आणि स्थान असतं. कुणी घाईने पास मारले, कुठे जीपीएस गेलं, सगळं दिसतं. रंगांच्या सीमाही ठेकेदार स्वतः ठरवू शकतो. ४० ला हिरवा धरला की ४० हिरवा! निळावंतीताईंच्या शंकेचं उत्तर मूळ फाइलमध्ये आहे.

---

धरणकाठी | बुधवार, सकाळी ९.३०

भारतातही वारं फिरतंय. रस्ते मंत्रालयाने लखनऊ-कानपूर द्रुतगती मार्गावर यंत्रसहाय्यित बांधकामाचा पथदर्शी प्रयोग केला. त्यात जीपीएसचा ग्रेडर, असा रोलर आणि दोरीशिवाय चालणारा पेव्हर होता. म्हणजे हा प्रश्न उद्या सगळ्याच साइटवर येणार. मुरूममाती, तुमच्या कन्सल्टंटना सांगा, पडदा बंद करून सुटका नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. पुलावर चढताना गाडी धप्प करते ना, तो खड्डा पुलाच्या भिंतीमागचा भराव खचल्याने होतो. तिथे ११ टनी रोलर जाऊच शकत नाही. पाइपाच्या मोऱ्या, भिंतींच्या मागचा मीटरभर पट्टा, कोपरे, तिथे जंपिंग जॅक नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे हाताने चालवायची लहान दबाई यंत्रं. दुपारच्या उन्हात कंटाळलेला माणूस ३० सेंमीच्या थरावर दोन फेऱ्या मारतो आणि पुढे जातो. नकाशात ती जागा कोरी राहते आणि कोऱ्या जागेबद्दल कुणी विचारत नाही. मी कामावर असतो तर नकाशाच्या रंगांआधी या कोऱ्या जागांची यादी मागितली असती.

---

पोकलेनवाला | बुधवार, सकाळी १०.१०

काका, हे मात्र शंभर टक्के. जंपिंग जॅकच्या पोराला रोजंदारी देतात, पासचा हिशेब कुणीच ठेवत नाही. तिथं थर १५ सेंमीच्या वर घालूच देऊ नये. आमच्या भागात एका पुलाचा ॲप्रोच दरवर्षी खचतो, दरवर्षी वर डांबर टाकतात.

---

बंड्या_बारामतीकर | बुधवार, सकाळी १०.३२

त्या पुलावर डांबराचे इतके थर झालेत की आता पूलच खड्ड्यात गेलाय. 😄

---

मुरूममाती | गुरुवार, रात्री ९.१५

मंडळी, खोदलं. सविस्तर लिहितो.

लाल डाग: आधी आरएमव्ही बघितला, जवळजवळ शून्य. म्हणजे डबल जंप नाही. मग बॅकहोने खड्डा घेतला. वरचा ५०० मिमी मुरूम उत्तम, टिकावाला दाद देत नव्हता. निळावंतीताई, माल चाळला, मोठे दगड होते आणि दुरुस्ती लावल्यावर ९८.४ चे ९७.३ झाले, तरी पास. त्याखाली अंदाजे ८० सेंमीवर काळी माती लागली. बोट सहज आत गेलं आणि बोटाच्या भोकात पाणी झिरपून आलं. बाजूच्या शेतकऱ्याने सांगितलं की तिथून त्यांच्या विहिरीचा जुना पाट गेलेला होता. भराव करताना तो वरवर बुजवला. मीनलताईंनी न बघता सांगितलं ते जसंच्या तसं. वाळूच्या खड्ड्याने हे कधीच दाखवलं नसतं आणि दोन पावसाळ्यांत रस्ता तिथेच बसला असता.

हिरवी जागा: ९३ वाली चाचणी रोलर बंद करून पुन्हा घेतली, ९३.८ आली. म्हणजे वाळूचा दोष नव्हता. खोदल्यावर ३५ सेंमीखाली जुन्या रस्त्याच्या खांद्याचं सोलिंग (दगडांचा थर) निघालं, एकदम दगड. रोलरला ते सोलिंग जाणवत होतं. आणि धरणकाठी काका, मॉइश्चर ४ टक्के निघालं, आमचं ओएमसी (सगळ्यात जास्त दबाईला लागणारी ओल) ९ आहे. त्या कडेला टँकरचं पाणी पोचतच नव्हतं, कारण टँकर जुन्या रस्त्यावरून चालतो आणि त्याची फवारणी त्या पट्ट्यावर पडत नाही. थर खरवडून, पाणी मारून, मुरू देऊन पुन्हा रोलिंग केलं. घनता ९७.६. सीएमव्ही मात्र ७० वरून ६३ वर आला. माती जास्त दबली आणि आकडा उतरला! आमचे प्रोजेक्ट मॅनेजर बराच वेळ पडद्याकडे बघत उभे होते.

---

धरणकाठी | गुरुवार, रात्री ९.४०

शाब्बास. कोरडी माती ताठ असते, पण पहिल्या पावसात ती ताठपणा सोडते. तो ७० खोटा आधार होता. ६३ पावसाळ्यात टिकेल.

---

मीनल_कोलोन | गुरुवार, रात्री १०.०५

फार छान केलंत! आता तुमचा मूळ प्रश्न, खड्डे कमी करायचे का? स्वीडनमध्ये रोलरची मोजणी असली की चाचण्यांची संख्या कमी करायला मुभा मिळते, पण त्या बदल्यात चाचणीची जागा रोलर ठरवतो: सगळ्यात कमकुवत दिसणारी. तिथे पास झालं तर बाकीचा पट्टा पास धरतात. तुमच्याकडे करारात मॉर्थची (केंद्रीय रस्ते मंत्रालयाची) ठरलेली संख्या असेल तर ती कमी करता येणार नाही. पण जागा बदलायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आणि तुमच्या हिरव्या जागेवरून दिसतं की एवढ्यावर भागणार नाही, पाण्याची तपासणी वेगळी आणि सगळ्या पट्ट्यावर लागेल.

---

निळावंती | गुरुवार, रात्री १०.२०

पाण्यासाठी ओव्हनची वाट बघू नका. रॅपिड मॉइश्चर मीटर जागेवर न्या, कार्बाइडची पूड आणि माती, पाच मिनिटांत आकडा. रोलर सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

---

मुरूममाती | शुक्रवार, रात्री ८.५०

आज कन्सल्टंट आणि ठेकेदार दोघांना एकत्र बसवून खड्डा दाखवला. ठरलं ते असं. खड्ड्यांची संख्या करारात आहे तेवढीच राहील. निम्मे खड्डे नकाशातल्या सर्वांत कमी आकड्यांच्या जागी, उरलेले नेहमीप्रमाणे कुठेही. सबग्रेडखालचा भराव संपला की त्याच्या माथ्यावर एक मोजणीचा पास, म्हणजे मऊ जागा मुरूम पडण्याआधीच दिसतील. मोजणी मॅन्युअलवर, एकाच वेगाने, आणि मूळ फाइल रोज कन्सल्टंटकडे. प्रत्येक थराला रोलिंगआधी मॉइश्चर, जुन्या रस्त्याच्या कडेला हमखास. टँकरला त्या बाजूला नळी जोडतोय. जुन्या पाटाची काळी माती काढून तिथे मुरूम भरायचा, तो खर्च कुणाचा यावर अजून ओढाताण चालू आहे.

आणि काका, तुमची कोऱ्या जागांची यादी आजच करायला घेतली. तीन पाइप मोऱ्या आणि एक लहान पूल. पुलाच्या मागे १५ सेंमीच्या थराच्या खुणा भिंतीवर रंगाने मारून घेतल्या.

---

पोकलेनवाला | शुक्रवार, रात्री ९.०५

पाटाचा खर्च ठेकेदारावर नका टाकू साहेब, सर्व्हेत तो पाट दाखवलेलाच नसणार. ड्रॉइंग बघून घ्या.

---

मुरूममाती | शुक्रवार, रात्री ९.१२

बघितलं. ड्रॉइंगमध्ये नाही. सोमवारच्या बैठकीत तोच पहिला विषय आहे.